उथळ खाडीतला रेडफिश आणि फ्लाय फिशिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ह्यूस्टन, ऑस्टिन, डॅलसकडची मराठी मंडळी आणि त्यांच्याकडे सुट्टीला येणारे पाहुणे हेच प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहिली आहेत. नियम सांगितलेत ते टेक्सासचे. दुसऱ्या राज्यात वेगळं असेल तिथे तसा उल्लेख आहे. नियम बदलत राहतात, त्यामुळे पाण्यात उतरण्याआधी टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफ खात्याचं चालू वर्षाचं पत्रक वाचाच.

१. रेडफिश म्हणजे आपली तांबोशीच ना?

नाही. तांबोशी स्नॅपरच्या कुळातली. रेडफिश, म्हणजेच रेड ड्रम, हा आपल्या घोळ आणि ढोम्याच्या कुळातला. या कुळातले नर पोटातल्या हवेच्या पिशवीजवळचे स्नायू थरथरवून ढोलासारखा आवाज काढतात, म्हणून ड्रम. अंग तांब्याच्या रंगाचं, पोट पांढरं आणि शेपटीच्या बुंध्याशी काळा ठिपका. अमेरिकेचा अटलांटिक किनारा आणि मेक्सिकोचं आखात हे याचं मूळ घर. अरबी समुद्रात तो नाही.

२. साध्या गळापेक्षा फ्लाय फिशिंग वेगळं कसं?

साध्या गळात शिसं किंवा आमिष जड असतं आणि ते दोरीला ओढत नेतं. इथे उलट आहे. पिसं, केस आणि चमकीचे धागे गरीवर बांधून केलेली फ्लाय जवळपास वजनरहित असते. जाड, वजनदार असते ती लाइन, आणि तीच हवेत उलगडत जाऊन फ्लायला पुढे नेते.

उथळ पाण्यात याचे दोन मोठे फायदे आहेत. फ्लाय पाण्यावर हलकेच उतरते, त्यामुळे मासा दचकत नाही. आणि माशाने दिशा बदलली तर सगळी दोरी गुंडाळत बसावं लागत नाही. लाइन उचलायची आणि एका झटक्यात दुसरीकडे टाकायची.

३. एवढा मोठा मासा घोटाभर पाण्यात येतो कशाला?

जेवायला. खेकडे, कोळंबी आणि छोटे मासे गवतात आणि चिखलात असतात, आणि रेडफिशचं तोंड थोडं खालच्या बाजूला असतं. तो नाक तळाशी खुपसून चरतो. पाणी फूटभर असेल तर तेव्हा शेपटी वर येऊन हवेत हलते. आयुष्याची पहिली तीन-चार वर्षं तो खाडीत आणि खाजणात काढतो. वयात आल्यावर बहुतेक मासे समुद्राकडे जातात आणि शरदात खाडीच्या मुखांपाशी अंडी घालतात. पिल्लं भरतीबरोबर परत आत, समुद्री गवतात येतात. हा मासा ४० वर्षांहूनही जास्त जगू शकतो. विक्रमी मासा १९८४ मध्ये नॉर्थ कॅरोलिनात एव्हन इथे मिळाला, ९४ पौंड २ औंसांचा. खाडीत तुमची गाठ पडेल ती मात्र बहुधा तीन ते आठ पौंडांच्या माशांशी.

४. लोक म्हणतात "तो बघ, तिथे", पण मला नुसतं पाणीच दिसतं. मासा ओळखायचा कसा?

या पानावर एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा. या मासेमारीत डोळ्यांचं काम आधी आणि हाताचं नंतर. नवे लोक पैसे रॉडवर खर्च करतात. मी म्हणेन, आधी चांगला पोलराइज्ड चष्मा घ्या. काचेचा रंग तांबूस किंवा तपकिरी असावा, करड्या काचेत तळ नीट उठून दिसत नाही. टोपीच्या कडेची खालची बाजू गडद हवी. सूर्य पाठीमागे ठेवून चाला.

मग मासा शोधू नका, माशाच्या खुणा शोधा. सगळ्यात सोपी खूण म्हणजे शेपटी. तांबूस त्रिकोण वर येतो, हलतो, जातो. कडेला निळसर झाक दिसली तर रेडफिश नक्की. दुसरी खूण पाण्यातला फुगवटा. मासा उथळ पाण्यातून पोहतो तेव्हा त्याच्या डोक्यापुढे पाणी उचललं जातं आणि मागे इंग्रजी व्ही आकाराची रेघ उमटते. बोय माशांचे थवेसुद्धा अशी रेघ काढतात (कोकणात मिळणारी बोय इथेही आहे), पण त्यांची रेघ अरुंद, घाईची आणि वाकडीतिकडी असते. रेडफिशची रुंद आणि संथ. तिसरी खूण थरथरतं पाणी. वाऱ्याच्या लाटा एका दिशेला जात असताना एखादा तुकडा वेगळाच शहारतो. त्याच्याखाली मासे आहेत.

चौथी खूण कमी लोकांना माहीत असते. पाकट तळावरून जाताना चिखल उठवतं आणि त्यातून खेकडे, कोळंबी बाहेर पडतात. त्यांच्यासाठी रेडफिश पाकटाच्या पाठीवरून जाताना दिसतो. म्हणून गढूळ पट्टा दिसला की त्याच्या टोकाला नीट बघा. तसंच गवताच्या कडेला कोळंबी उड्या मारतेय आणि वर छोटे समुद्रपक्षी घिरट्या घालताहेत असं दिसलं तर थांबा.

सगळ्यात महत्त्वाचं, हळू चाला. दहा पावलं टाकायची, मिनिटभर थांबायचं, परत दहा पावलं. घाईने चालणाऱ्याला दिसतात ते पळून जाणारे मासे.

५. मासा दिसला. आता फ्लाय टाकायची कुठे?

त्याच्या वाटेवर, नाकापुढे. तो पोहत असेल तर दोन-तीन फूट पुढे आणि थोडी पलीकडे टाका, आणि तो जवळ आला की ओढा. शेपटी वर करून चरत असेल तर फूटभर अंतरावर टाका, कारण त्याचं डोकं चिखलात आहे आणि लांबची फ्लाय त्याला दिसणारच नाही.

एक नियम कधी मोडायचा नाही: फ्लाय माशाच्या अंगावर चालून जाता कामा नये. खेकडा किंवा कोळंबी शिकाऱ्याच्या दिशेने पळत नाही. तुमची लाइन माशाच्या पलीकडे पडली आणि ओढताना फ्लाय त्याच्याकडे धावत आली, तर मासा उधळलाच.

बोटीवर गाईड "अकरा वाजता, चाळीस फूट" असं ओरडेल. ती घड्याळाची भाषा आहे. बोटीचं नाक म्हणजे बारा, उजवा हात तीन, डावा हात नऊ. आधी रॉडचं टोक त्या दिशेला धरा, गाईड "आणखी उजवीकडे" म्हणेल तसं सरकवा, आणि मासा दिसल्यावरच टाका.

६. किती लांब फेकता आलं पाहिजे?

४० फूट, वाऱ्यात, नेमकं आणि चटकन. ८० फूट हवेत झुलवत बसणाऱ्यापेक्षा ४० फुटांवरच्या बशीत फ्लाय टाकणारा जास्त मासे पकडतो. टेक्सासच्या किनाऱ्यावर वारा जवळपास रोजचाच, म्हणून डबल हॉल शिकाच: फेकताना डाव्या हाताने लाइनला झटका देऊन वेग वाढवायचा. वारा उजव्या खांद्यावर येत असेल तर पाठमोरं वळून मागच्या फेकीवर फ्लाय सोडा, नाहीतर गरी कानात बसते. घरामागच्या हिरवळीवर फ्लायच्या जागी लोकरीचा तुकडा बांधून रोज पंधरा मिनिटं सराव करा.

७. सुरुवातीला सामान काय घ्यावं?

९ फुटी, ८ वेटची रॉड (वेट म्हणजे ती कितपत वजनाच्या लाइनसाठी आहे तो क्रमांक). खाऱ्या पाण्यात टिकेल असं, ब्रेक बंदिस्त असलेलं रील. तरंगणारी वेट-फॉरवर्ड लाइन, उन्हाळ्यासाठी गरम पाण्याची, कारण थंड पाण्याची लाइन उन्हात मऊ पडून गुंतते. मागे २० पौंडी बॅकिंग, म्हणजे रीलवरची राखीव दोरी. लीडर, म्हणजे लाइन आणि फ्लायमधली बारीक दोरी, ९ फूट, शेवटी १६ ते २० पौंडी फ्लुरोकार्बन. रेडफिशचे दात दोरी कापत नाहीत, कालवांच्या कडा कापतात, म्हणून लीडरचं टोक दर थोड्या वेळाने बोटांनी चाचपा. घरी आल्यावर रॉड, रील, पक्कड सगळं गोड्या पाण्याने धुवा. फार महाग रॉडची गरज नाही. वाचलेले पैसे कुठे घालायचे ते प्रश्न ४ मध्ये आहे.

८. कुठल्या फ्लाय ठेवाव्यात?

चार प्रकार पुरतात. क्लाउझर मिनो, म्हणजे धातूच्या डोळ्यांमुळे नाक खाली घालून बुडणारी. सोनेरी स्पून फ्लाय, गढूळ पाण्यासाठी. हलकी खेकडा फ्लाय, शेपट्या दिसत असतील तेव्हा. आणि पहाटेसाठी पाण्यावर आवाज करत सरकणारा छोटा पॉपर. गरी १ ते ४ नंबरची आणि गवत अडकू नये म्हणून वीडगार्ड लावलेली. गढूळ पाण्यात काळा-जांभळा, नितळ पाण्यात फिकट तपकिरी. गाठ सैल फासाची बांधा, फ्लाय मोकळी हलते.

९. मासा तोंड लावतो आणि निसटतो. असं का होतं?

बहुतेक वेळा रॉड वर उचलल्यामुळे. गोड्या पाण्यातल्या ट्राउटची ती सवय इथे घात करते. रॉड उचलली की फ्लाय तोंडातून निघून येते. रॉडचं टोक पाण्याजवळ, माशाकडे रोखलेलंच ठेवा आणि डाव्या हाताने लाइन लांब, ठामपणे ओढा. वजन जाणवलं की मगच रॉड उचला. ही ओढ चुकली तरी फ्लाय फार तर फूटभरच सरकते, आणि रेडफिश पुष्कळदा वळून परत येतो.

१०. बोट नाही. चालत जाऊन जमेल का?

जमेल, आणि शिकायला तेच चांगलं. ह्यूस्टनहून जवळ गॅल्व्हेस्टन आयलंड स्टेट पार्कची खाडीकडची बाजू आणि ख्रिसमस बे. दक्षिणेला अ‍ॅरन्सस पासजवळ लाइटहाउस लेक्स हा कयाकसाठी आखलेला मार्ग आहे. तिथली झुडपं काळ्या मॅन्ग्रोव्हची, म्हणजे आपल्या तिवराच्या जवळच्या नात्यातली, त्यामुळे कोकणच्या माणसाला ती जागा परकी वाटत नाही. पोर्ट इसाबेलजवळची लोअर लगुना माद्रे म्हणजे मैलोन्‌मैल पसरलेलं गुडघाभर नितळ पाणी. माशाला डोळ्यांनी शोधून पकडण्यासाठी माझ्या मते टेक्सासमध्ये याहून चांगली जागा नाही. तळ पक्का आहे ना, हे एक पाय टाकून बघितल्याशिवाय कयाकमधून उतरू नका.

११. एच-वन व्हिसावर आहे, लायसन्स मिळतं का? आणि भारतातून आलेल्या आईबाबांचं काय?

मिळतं, नागरिक असण्याची अट नाही. टेक्सासमध्ये सहा महिन्यांहून जास्त सलग राहत असाल तर रहिवाशाच्या दरात. सोबत खाऱ्या पाण्याची परवानगी असलेलं पॅकेज निवडा. पकडून सोडणार असाल तरी लायसन्स लागतं. लायसन्सचं वर्ष ३१ ऑगस्टला संपतं. १७ वर्षांखालच्या मुलांना लागत नाही.

आईबाबांसाठी एका दिवसाचं बिगर-रहिवासी लायसन्स मिळतं. त्याहून सोपं म्हणजे स्टेट पार्क. टेक्सासच्या स्टेट पार्कच्या हद्दीत किनाऱ्यावरून गळ टाकायला लायसन्स लागत नाही, फक्त प्रवेश फी. जूनच्या पहिल्या शनिवारी राज्यभर सगळ्यांनाच मोकळीक असते.

१२. किती मासे ठेवता येतात आणि केवढे?

टेक्सासच्या किनाऱ्यावर माणशी दिवसाला ३, लांबी २० ते २८ इंच. त्याहून लहान लगेच सोडायचा. त्याहून मोठा ठेवायचा तर लायसन्ससोबतच्या टॅगचा (माशाला लावायच्या चिठ्ठीचा) नियम आहे. माझं प्रामाणिक मत, टॅग असला तरी मोठा मासा सोडा. तोच अंडी घालणारा.

लांबी मोजताना माशाचं तोंड बंद हवं आणि शेपटीची दोन्ही टोकं एकत्र दाबलेली. एखाद्या रेषेने कमी भरला तर तो कमीच. लुइझियानामध्ये जून २०२४ पासून १८ ते २७ इंचांचे ४ मासे, त्याहून मोठा अजिबात नाही. फ्लोरिडात १८ ते २७ इंच, पण संख्या विभागानुसार, आणि इंडियन रिव्हर लगून विभागात सगळे सोडायचे. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या हद्दीतल्या, खोल समुद्रात हा मासा ठेवताच येत नाही.

१३. एका माशासाठी एवढे कडक नियम का? समुद्रात तर भरपूर आहेत.

भरपूर आहेत ते या नियमांमुळे. सत्तरच्या दशकात टेक्सासच्या खाड्यांमध्ये जाळ्यांनी रेडफिश जवळपास संपत आणला होता. १९७७ मध्ये ह्यूस्टनमध्ये गळ टाकणाऱ्यांनीच एकत्र येऊन गल्फ कोस्ट कन्झर्व्हेशन असोसिएशन काढली. १९८१ मध्ये टेक्सासच्या विधिमंडळाने रेडफिश आणि स्पॉटेड सीट्राउट या दोन माशांच्या व्यापारी विक्रीवर बंदी आणली. जाळी लावणाऱ्या कुटुंबांच्या पोटावर ती आली, आणि तो वाद कडवट झाला, हेही विसरता येत नाही.

तेवढ्यात न्यू ऑर्लिअन्सचे शेफ पॉल प्रुडोम यांच्या ब्लॅकन्ड रेडफिशने देशाला वेड लावलं. मसाल्यात घोळवून तापलेल्या बिडाच्या तव्यावर काळा केलेला हा मासा. मागणी एवढी वाढली की बाहेरच्या समुद्रात अंडी घालणाऱ्या मोठ्या माशांचे थवेच्या थवे जाळ्यात ओढले जाऊ लागले, आणि दशकाच्या अखेरीस केंद्राला आपल्या हद्दीतली मासेमारी बंद करावी लागली. २००७ मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांच्या आदेशाने केंद्राच्या हद्दीतलं हे संरक्षण आणखी पक्कं झालं. टेक्सासमध्ये हॅचरीत (मत्स्यबीज केंद्रात) वाढवलेली पिल्लं आजही खाड्यांत सोडतात. लेक जॅक्सनचं सी सेंटर टेक्सास हे असंच एक केंद्र, मुलांना जरूर दाखवा.

आज घोटाभर पाण्यात शेपटी हलताना दिसते ती या सगळ्यामुळे. म्हणून "एखादा जास्त ठेवला तर काय बिघडतं" या प्रश्नाला माझ्याकडे सहानुभूती नाही.

१४. कधी जावं? उधाण-भांग बघायचे का?

टेक्सासमध्ये भरती-ओहोटीचा फरक कोकणाच्या मानाने नगण्य. खाड्यांमध्ये पुष्कळदा फूटभरही नसतो. इथे पाणी हलवतो वारा. हिवाळ्यात उत्तरेचा जोरदार वारा आला की खाडीतलं पाणी अक्षरशः बाहेर ढकललं जातं. म्हणून भरती-ओहोटीच्या तक्त्यासोबत वाऱ्याचा अंदाज बघा.

सप्टेंबर ते नोव्हेंबर सर्वोत्तम. त्यातही सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाणी वर चढून खाजणातल्या गवतात शिरतं आणि मासे त्यामागे. उन्हाळ्यात पहाट गाठा. हिवाळ्यात उलट, दुपारचं ऊन पडल्यावर जा.

जॉर्जिया आणि साउथ कॅरोलिनाचं गणित निराळं. तिथे भरती सहा-सात फुटांची, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात एरवी कोरडी असलेली गवताळ मैदानं तासा-दोन तासांसाठी पाण्याखाली जातात. एक नांगी मोठी असलेल्या छोट्या खेकड्यांसाठी रेडफिश त्यात घुसतात. तिथे मात्र उधाण बघायचंच. लुइझियानात थंडीत पाणी नितळतं आणि खाजणात २०-३० पौंडांचे मासे दिसतात.

१५. पाण्यात धोका कशाचा?

पाकटाचा. पाय उचलून टाकू नका, तळावरून घासत सरकवा, पाकट बाजूला होतं. काटा लागलाच तर सोसवेल तितक्या गरम पाण्यात पाय बुडवा, वेदना उतरते, आणि डॉक्टर गाठा. कालवांसाठी जाड तळाचे बूट घाला, सँडल नको. दूरवर वीज चमकली तरी बाहेर या, हातातली रॉड कार्बनची आहे.

आणखी एक गोष्ट आपल्या लोकांनी विशेष लक्षात ठेवावी. उन्हाळ्यातल्या कोमट खाऱ्या पाण्यात व्हिब्रिओ नावाचे जंतू असतात आणि ते जखमेतून शिरतात. मधुमेह किंवा यकृताचा आजार असेल तर हा संसर्ग जिवावर बेतू शकतो. ताजी जखम असेल तर पाण्यात उतरूच नका. नंतर जखमेभोवती लाली वेगाने पसरली, ताप आला, तर सकाळची वाट न बघता इमर्जन्सीत जा आणि समुद्राच्या पाण्यात होतो हे आधी सांगा.

१६. गाईड करावा का?

पहिल्या-दुसऱ्या वेळी जरूर. बांबूसारख्या लांब काठीने ढकलत नेणारी उथळ बोट आणि उंचावर उभा गाईड, यामुळे एका दिवसात डोळे जे शिकतात त्याला एरवी हंगाम जातो. आधीच सांगा, "मला बघायला शिकायचंय, मासे मोजायचे नाहीत." टिप साधारण १५ ते २० टक्के देतात. लुइझियानात गाईडने स्वतःसाठी मासा ठेवायचा नसतो, त्याच्या वाट्याचा हिशेब धरू नका.

१७. सोडायचा मासा कसा हाताळावा?

ओल्या हातांनी, शक्यतो पाण्यातच. गरीचा काटा आधीच दाबून टाका. कल्ल्यात बोट घालू नका, जबड्यावर लटकवू नका, पोटाखाली हात द्या. उन्हाळ्यात झुंज लवकर संपवा, कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो. फोटो काढणारा तयार झाल्यावरच मासा वर उचला.

१८. आणि खाण्यासाठी ठेवला तर?

२०-२४ इंची मासा सर्वात चविष्ट. पकडल्यावर लगेच बर्फात. इथली पद्धत म्हणजे खवल्यांसकट कातडी ठेवून अर्धा भाग काढायचा आणि खवल्यांची बाजू खाली करून निखाऱ्यावर भाजायचा. हळद, तिखट, मीठ, आगळ लावून असा भाजून बघा. कालवण करायचं तर मधली गडद लाल पट्टी काढून टाका, उग्रपणा तिच्यात असतो. कापणं मात्र घरी किंवा धक्क्यावर. किनाऱ्याला लागेपर्यंत डोकं आणि शेपटी जागेवर हवी, नाहीतर लांबी तपासणार कशी?

१९. ठिपका नसलेला मासा मिळाला. हनुवटीवर मिशाही होत्या. हा रेडफिशच का?

मिशा असतील तर तो ब्लॅक ड्रम, त्याचे नियम वेगळे. रेडफिशला मिशा नसतात. ठिपक्यावर विसंबू नका. काहींना एकही नसतो, काहींना अंगभर असतात. ओळख हनुवटीवरून करा.

२०. मित्राने त्याच्या वाट्याचे मासे मला दिले. घरी नेताना अडचण?

कागद नसेल तर हो. दुसऱ्याने पकडलेला मासा तुमच्या गाडीत असेल तर पकडणाऱ्याने सही केलेलं वाइल्डलाइफ रिसोर्स डॉक्युमेंट सोबत हवं. त्याचा नमुना खात्याच्या पत्रकात असतो, साध्या कागदावर लिहिलं तरी चालतं. विकत देणं-घेणं मात्र पूर्ण बेकायदा, सोसायटीच्या ग्रुपवर "खर्चापुरते पैसे" घेऊनही नाही.

२१. मोटर लावून उथळ गवतावरून बोट नेली तर चालते का?

गवत उपटलं गेलं तर तो गुन्हा आहे. रेडफिश बेमध्ये २००६ पासून आणि सगळ्या टेक्सास किनाऱ्यावर २०१३ पासून. पंख्याने कापलेले चर भरायला वर्षं लागतात, आणि प्रश्न ३ मधली पिल्लं वाढतात ती याच गवतात. मोटर वर उचला, काठीने ढकला.

२२. सॅन अँटोनियोजवळच्या तलावात रेडफिश मिळाल्याचं ऐकलं. गोड्या पाण्यात कसा काय?

खरं आहे. ब्राउनिग आणि कॅलव्हेरस या वीजकेंद्रांच्या तलावांत ते सोडले जातात. पाणी थंडीतही उबदार राहतं आणि मासा छान वाढतो, पण तिथे त्याची वीण होत नाही, म्हणून पुन्हा पुन्हा सोडावे लागतात. कमाल लांबीचा नियम किनाऱ्यापेक्षा वेगळा आहे. प्रश्न १२ मधले आकडे तिथे लावू नका, त्या तलावाचं पान उघडून बघा.